सोळा खण

लालबागला, मिरचीगल्लीच्या तोंडाशी,
मसाल्याच्या डंकावर दुसऱ्या मजल्यावर
माझी पाटी आहे: 'व्यक्ती तितक्या प्रकृती'.
खाली बारीक अक्षरांत: करिअर मार्गदर्शन, वेळ ठरवून यावे.
आत मात्र प्रकृती सोळाच.
एका बंद गिरणीच्या लिलावात घेतलेलं लोखंडी कपाट,
पूर्वी त्यात म्हणे रंगांचे नमुने असत.
आता खणाखणात एकेक स्वभाव, आधीच टाइप केलेला,
वर नावापुरती जागा सोडून.

एकशेवीस प्रश्न, पन्नास मिनिटं.
चाळिसाव्यापाशी बहुतेकांना शिंक येते,
खाली बेडगी कुटायला घेतलेली असते.
शिंकेला गुण नाहीत.
तरी मी पाहून ठेवतो, कोण सॉरी म्हणतं,
कोण नाक पुसून पुढचा गोल काळा करतं.

दीपश्री घाडी मामासोबत आली.
मामा बेस्टच्या डेपोत हिशेब लिहितो.
'हिला बँकेत टाकू म्हणतो. फार बोलत नाही.'
टाकू.
जशी आमटीत दोन आमसुलं.

गोल तिने काळे केलेच,
पण समासात पेन्सिलीने, अगदी बारीक, लिहिलं पण:
अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का?
– आजारी असतील तर.
हातातलं काम अर्धवट सोडता का?
– कुणी कण्हलं तर.
राग येतो का?
– मामांना दाखवू नका.

समासाला गुण नाहीत.
बेरीज करून आला खण अकरा:
शांत, नेमस्त, नियमाला धरून.
लेखा, ग्रंथालय, नोंदणी.
मामाने मान डोलावली, जणू त्याचाच निकाल लागला.

मी अकराची किल्ली शोधत होतो तेव्हा
बाहेरच्या बाकावर कुणाचा तरी मुलगा पांढराफटक पडला.
परीक्षेची धास्ती, वर उपाशी पोट.
दीपश्री उठली. त्याचं डोकं गुडघ्यांत घातलं,
पाठीवर तळवा ठेवला,
आणि त्याच्या बापाला, जो मोबाइलवर कुणाशी तरी
सिमेंटच्या गोणींवरून भांडत होता,
म्हणाली, 'तुम्ही जिन्यात थांबा.'
आवाज चढवला नाही.
तो गेला की हो जिन्यात!

सतराव्या वर्षी मीही दिली होती ही चाचणी.
दादरच्या एका सरांनी काढलं होतं:
एकट्याने करायची कामं. दीपगृह, वनखातं, घड्याळदुरुस्ती.
वर्षभर मी खरंच दीपगृहांना अर्ज लिहिले.
वडील म्हणाले, आधी घरातली ट्यूब बदल.
आता दिवसाला आठ माणसांशी बोलतो,
रात्री बायको काही विचारते
तेव्हा माझ्याकडे शब्द उरलेले नसतात.
म्हणजे सर चुकले नव्हते.
पण पोटाला कुठला आलाय प्रकार,
आणि बोलून बोलून मला थोडं आवडायलाही लागलंय,
हे कुठल्या खणात ठेवू?

अकरावा खण अडकला होता. दोन्ही हातांनी ओढला
तर कागदांच्या मागून निघाली एक जुनी चिंधी,
पुठ्ठ्यावर डकवलेली, मोरपंखी,
खाली कुणा रंगाऱ्याचं शाईतलं अक्षर:
'तीन धुण्यांनंतर पाहून ठरवावे.'

अहवाल दिला. पैसे घेतले, पावती दिली.
चिंधी मी अहवालाला टाचणीने लावली.
'हे काय आणि?' मामा म्हणाला.
'शेरा,' म्हटलं.
दीपश्रीने कापड बोटांत धरून चोळलं,
रंग बोटाला लागतोय का ते पाहिलं,
आणि मामांच्या पिशवीत न टाकता
स्वतःच्या वहीत ठेवलं.

खाली डंक पुन्हा सुरू झाला.
या खेपेला मामा शिंकला.